हात लावून खो

१४ जुलै, सोम.
सुमन उठली त्या जागेवर बसण्याआधी श्रेयाने रुमालाने बाक पुसला. "जंगल से आई है, मैडम." वर्ग हसला. सुमन शहपुऱ्याकडच्या गोंड वस्तीतली, इथे शहरात कांचघरला मामाकडे राहून नववी करते. तिला माझ्या टेबलासमोर पहिल्या बाकावर बसवलं. श्रेयाला भाषण. बरं वाटलं. मला.

२ ऑग.
आता मुली सुमनला "मैडम की पालतू" म्हणतात. म्हणजे माझ्यामुळे.

१९ ऑग.
खेळाच्या नव्या बाई केतकीने सुमनला खो-खोत घेतलं. पुण्याहून येऊन दोन महिने झाले नाहीत बाईंना. वर्गशिक्षिका मी आहे, विचारायचं तरी.

२१ ऑग.
व्हरांड्यातून पाहिलं. श्रेया सुमनच्या मागे आली, हात न लावताच 'खो' म्हणाली. के.ची शिट्टी. "फाउल. हाथ लगाओ, फिर बोलो." भाषण नाही, काही नाही. पुन्हा तेच, पुन्हा शिट्टी. शेवटी श्रेयाचा तळवा सुमनच्या पाठीवर. सुमन अशी सुटली की... आणि श्रेयाच ओरडली, "भाग, सुमन, भाग!"
मी टाळ्या वाजवल्या नाहीत. हातात वह्या होत्या. (नव्हत्या.)
घरी हे म्हणाले, "काहून चिडून राहिली? पोरगी हसून राहिली ना?"
हसून राहिली. माझ्या बाकावर कधी हसली?

२९ ऑग., शुक्र.
श्रेयाच्या आईची तक्रार: "उस लड़की को छूने की ज़बरदस्ती क्यों?" खो-खो बंद करा म्हणतात. सोमवारी त्या येणार, सुमनचा मामाही. प्रिन्सिपल सर मला: "लड़की के साथ एक टीचर बैठेगी. किसे चाहती है, आप ही पूछ लीजिए."

३० ऑग.
मी विचारलं तर सुमन माझंच नाव घेईल, भिडेपोटी; के.ने विचारलं तर के.चं. मला ठाऊक आहे. म्हणूनच के.ला 'तू विचार' म्हणवत नाही.
मधल्या सुट्टीत सुमन स्वतःच आली. "मैडम, खो-खो बंद तो नहीं होगा ना?"
"नहीं होगा." कुठल्या भरवशावर बोलले?
"केतकी मैडम को बता दूँ?"
"बता दे." ती पळालीसुद्धा. विचारायचं राहिलं. की ठेवलं?
आता के.ला फोन लावला. एक रिंग जाताच कापला.
तिचाच उलटा फोन येतोय.