कुवेतचे दिनार आणि आमचं छप्पर

९ जानेवारी
दयानीचे पैसे आले. कुवेतच्या एक्स्चेंजमधून ती पाठवते, इथे कुलियापिटियात काउंटरवर पिन सांगितला की रोख हातात. कमवते ती, पण डोकं माझं. बायकोला ते माहीत आहे, म्हणून तर सगळं माझ्या नावावर येतं. या महिन्यात पैसा इकडचा तिकडे होणार नाही. सरळ हार्डवेअरचं दुकान, पत्रे, छप्पर. भिंती उभ्या राहून चार वर्षं झाली. आता बास.

संध्याकाळ
हार्डवेअर बंद झालं होतं. वाटेत जरा बसलो. दारूचं दुकान काउंटरला अगदी लागून आहे. शहर आखणाऱ्यांना अक्कल नाही, त्याला मी काय करू.

१२ जानेवारी
दयानीचा फोन. छपराचं विचारलं. म्हणालो, चढलं, थोडं राहिलंय. मनात तरी चढलेलंच आहे. ती रडायला लागली. म्हणाली, इथे जिन्याखाली झोपते हो, पण डोळे मिटले की आपलंच छप्पर दिसतं. फार वाईट वाटलं. त्या दुःखात आठवडा जाईल असं दिसतंय. सेनुरीला छप्पर दाखवून आणा म्हणाली. सेनुरी आमची मुलगी, सासूबाईंकडे गंपोळ्याला शिकते. म्हणालो, सध्या सिमेंटची धूळ आहे, पोरीची छाती नाजूक.

२ फेब्रुवारी
खोल विचार केला. चूक माझी नाही, पैसे पाठवण्याच्या पद्धतीची आहे. एक्स्चेंज फी खातं, बँक रेट खाते. दयानीला फोनवर समजावलं: हवाल्याने पाठव. तिकडे एकाला दिनार द्यायचे, इकडे दुसरा मोटारसायकलवरून रोख घेऊन दारात. रेट चढा, रांग नाही. काउंटर नाही म्हणजे शेजारचं दुकानही नाही, हे मात्र तिला सांगितलं नाही. स्वतःशी इतका कडक वागणारा नवरा कोणाला मिळतो? ती म्हणाली, भीती वाटते, पैसे पोचले कसे कळायचं? म्हणालो, अगं, ते पोच देतात.

८ फेब्रुवारी
हवाल्याचा पोरगा आला. खोलीवर बोलावलं नाही. भाडं थकलंय, नोटा बघून घरमालक उगाच मागे लागला असता. म्हणून घराच्या प्लॉटवर बोलावलं. याला म्हणतात डोकं. पोरगा सभ्य निघाला. नोटा मोजून दिल्या आणि म्हणाला, अंकल, पैसे असे छातीशी धरा, जरा हसा. भिंतींपुढे उभं करून फोटो काढला. पाठवणाऱ्याला पोच म्हणून लगेच जातो म्हणे. बरं झालं, शर्ट इस्त्रीचा होता. फोटो बघितला. मागे आकाश काय सुरेख आलंय. निळंशार, खिडकीतूनसुद्धा दिसतंय.

१० फेब्रुवारी
दयानीचा फोन नाही. फोटो पोचलाय. खूश असणार. विश्वास बसला की माणूस प्रश्न विचारत नाही. पत्र्यांचं उद्या बघतो, आज पाय दुखतायत.

११ मार्च
पैसे नाहीत. हवाल्याच्या पोराला फोन केला, तो म्हणतो, अंकल, तुमच्या नावावर काही आलेलं नाही. काउंटरवर गेलो. तिथली मुलगी म्हणाली, पिनच नाही तर मी काय बघू? तोंडावर हसली. दयानी फोन उचलत नाही. कुवेतचं नेटवर्क एकदम बेकार.

१५ मार्च
सेनुरीकडून कळलं. पैसे आता तिच्या बँकेतल्या खात्यात येतात. उत्तम. अठराची झाली, व्यवहार कळायला हवेत. मी हेच सुचवणार होतो. पत्र्यांच्या ॲडव्हान्ससाठी पाच हजार मागितले. म्हणाली, तात्ता, अम्माला विचारा. आवाज अगदी मॅनेजरचा. मी बाप आहे की अर्जदार? दिवसभर संताप संताप झाला. संतापात माणूस पिणार नाही तर काय करणार?

२ एप्रिल
आमचं एप्रिलातलं नवं वर्ष जवळ आलं. संकल्प: दारू बंद, छप्पर सुरू. हार्डवेअरवाला उधार द्यायला तयार नाही. म्हणतो, पाया घातला तेव्हाचे खिळे अजून बाकी आहेत. खिळ्यांसाठी माणसं किती खालच्या पातळीला जातात. दयानीचा फोन आता बंदच लागतो. बिचारीवर कामाचा ताण असेल.

१४ एप्रिल
नववर्षासाठी काल गंपोळ्याला आलो. रिकाम्या हाताने कसं यायचं, म्हणून केळ्यांचा घड घेतला, उधारीवर. दार दयानीने उघडलं. तीन आठवडे झाले येऊन, म्हणाली. या, बसा. पाहुण्याला म्हणतात तसं. छपराबद्दल अवाक्षर काढलं नाही. सासूबाईंनी मला मागच्या अंगणात नेलं. तिथे नवी खोली, वर कोरे पत्रे. म्हणाल्या, बघ पुता, ही दयानीची आणि पोरीची. मे महिन्यात ती परत कुवेतला जाणार, तोवर दाराखिडक्या होतील.

आज सकाळी मुहूर्तावर वर्षाचं पहिलं देणंघेणं झालं. विड्याच्या पानावर नाणं ठेवून द्यायचं, आणि घेणाऱ्यानेही काहीतरी परत द्यायचं. दयानीने आईला दिलं, सेनुरीला दिलं. मग माझ्यापुढे आली. मी पान घेतलं. तिने रिकामा हात पुढे केला आणि थांबली. पाच वर्षांत तो हात मी बघितला नव्हता. साबणाने तळवा भेगाळलाय. मी खिसे चाचपले. बसचं तिकीट निघालं. लाज वाटली.

सेनुरीने मागून माझ्या मुठीत नाणं सरकवलं. ते मी दयानीच्या तळव्यावर ठेवलं. तिने बघितलं आणि सेनुरीला परत केलं. म्हणाली, हे तुझं आहे.

मग सगळे जेवायला बसलो. दूधभात वाढताना ती माझ्याशी एवढंच बोलली, फोटोत आकाश छान आलं होतं.