दोरा बांधलेली औषधाची बाटली

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, पूर्वीचं काम मुलं सांभाळणे, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाविना हे लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तीस वर्षांपूर्वी याच घरात मला वेडी ठरवलं होतं, म्हणून एवढी खबरदारी.

१. गावातली माझी खोली, शिलाई मशीन आणि बँकेतली शिल्लक छकुलीला द्यावी. छकुली म्हणजे बाईसाहेबांची लेक. तीन महिन्यांची होती तेव्हापासून चार वर्षं माझ्या कडेवर वाढली.

२. पेटीतली खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटलीही तिलाच. बाटलीभोवती लाल दोरा आहे. औषध पाजलं की उरलेल्या औषधाच्या पातळीवर मी तो सरकवत असे. ही माझी पद्धत. एका हिवाळ्यात औषध रोज दोऱ्याच्या खाली जाऊ लागलं आणि पोर दुपारभर मेल्यासारखी झोपू लागली. बाईसाहेबांना विचारलं, तर म्हणाल्या, "तूच पाजतेस आणि विसरतेस. डोकं फिरलंय तुझं." सहा आठवडे मी स्वतःवरच संशय घेतला. मग एका दुपारी कपाटाआडून पाहिलं. बाईसाहेब तिला चमच्यामागून चमचा पाजत होत्या आणि विचारत होत्या, "आता सांग, आई कोण?" पोर मला आई म्हणायची, एवढाच माझा गुन्हा.

तिसऱ्या दिवशी छकुलीला दवाखान्यात न्यावं लागलं. आळ माझ्यावर आला. रस्ता संपतो तिथलं हे घर, शेजारपाजार नाही. माझ्या बाजूने बोलणार कोण? त्यानंतर कोणी माझ्या हाती मूल दिलं नाही. छकुलीला आजही वाटतं, आयाने विष घातलं. मी यातलं काहीच माफ केलेलं नाही.

३. दोन वर्षांपूर्वी म्हाताऱ्या बाईसाहेबांना सांभाळायला मी इथेच परत आले. त्यांनी ओळखलं नाही. नोकरांच्या तोंडाकडे त्यांनी पाहिलं होतं कधी? त्यांचा चष्मा मी रोज हलवते आणि सांगते, "तुम्हीच ठेवलात, बाईसाहेब. विसरलात." मला बरं वाटतं.

४. येत्या सोमवारी छकुली तिचं तान्हं बाळ आजीकडे ठेवून कामावर रुजू होणार आहे. काल बाईसाहेब म्हणाल्या, "बाळासाठी खोकल्याचं औषध आणून ठेव." बाळाला खोकला नाही. म्हणून माझ्या मरणाची वाट न पाहता डॉक्टरांनी याची प्रत आजच छकुलीच्या हातात द्यावी.

५. बाईसाहेबांना काही नाही. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नसतं, असं वकील म्हणाले. तेव्हाच मला दुसरा साक्षीदार सुचला.

ठिकाण: वरचं घर, स्वयंपाकघरातलं टेबल. शुक्रवार, सकाळी अकरा.
सही: आया

साक्षीदार पहिला: डॉक्टर (सही)
साक्षीदार दुसरा: बाईसाहेब (सही)

डॉक्टरांचा शेरा: तीस वर्षांपूर्वी बाईसाहेबांनी सांगितलं तेच मी दवाखान्याच्या कागदावर लिहिलं, आयाला काही विचारलं नाही. आज शब्द न् शब्द वाचून सही केली. बाईसाहेबांना चष्मा सापडत नव्हता. आयाने दोनदा विचारलं, "वाचून दाखवू?" त्या म्हणाल्या, "तुझ्या कागदात वाचण्यासारखं काय असणार? बोट ठेव, कुठे करू सही?"