आंब्यावरचं बांडगूळ

नवा रायपूर
रविवार

बाबा, सुजाताचा जयभीम.

आम्ही मजेत आहोत. तुमच्या जावयाचा, प्रफुल्लचा खोकलाही थांबला. तुमचं गुडघ्याचं तेल संपलं काय?

काल ऑफिसच्या लोकांसोबत बारनवापाऱ्याच्या जंगलात पायी फिरलो. एका झाडाच्या फांदीवर चण्याच्या डाळीएवढी पिवळी फुलं दिसली. मी म्हटलं, बांडगूळ आहे. गाईड हसला, "नहीं दीदी, ऑर्किड है. पेड़ का कुछ नहीं खाता, बस टिका रहता है."

मले कसंतरीच झालं. आपल्या आंब्यावरचं हेच तर तुम्ही दरवर्षी विळ्यानं खरडून काढता, अन् मी खाली शिडी धरून उभी राहायची!

आई गेल्यापासून मी तुम्हाले इकडं बोलावून राहिली, अन् तुमचं एकच, लेकीच्या घरी बांडगूळ होऊन राहायचं नाही. मागं चार दिवस आले, तेही तांदळाचा कट्टा खांद्यावर घेऊन. धानाच्या छत्तीसगडात तांदूळ! प्रफुल्लले ते लागलं.

यंदा आंब्यावर चढू नका, बाबा. तुमची खाट खिडकीजवळ लावून ठेवली आहे.

या. तांदूळ आणू नका.

तुमची पोट्टी,
सुजाता