आत्या फोटोत हसत का नाही

लातूर, कार्तिक वद्य तृतीया, संध्याकाळ

फोटोची दुसरीही काच वाया गेली. आत्ताच धुऊन पाहिली. उलट्या रंगातसुद्धा कळतंय की आत्या मुन्सफापुढं साक्षीला उभी केल्यासारखी बसलीय. जिचं हसू चार घरं पलीकडं ऐकू जातं, ती माझी आत्या!

आमच्या फोटोमंडळाचा या महिन्याचा विषय 'हसरा चेहरा'. काल अध्यक्ष वकीलसाहेब म्हणाले, "मास्तर, क्यामेऱ्यासमोर कुणी हसत न्हाई. विषय बदलू." मीच हट्टानं नको म्हणालो. आता इतवारच्या बैठकीत दाखवू काय? हैदराबादहून आणवलेल्यातली एकच काच उरलीय.

सकाळी अंगणात क्यामेरा लावेपर्यंत ती हसतच होती. मी काळं फडकं डोक्यावर घेतलं आणि तिचं तोंड मिटलं. बाहेर येऊन काच घातली, म्हणालो, "हस की आत्या."

"कुणाकडं बघून हसू रे? आधी फडक्यात तोंड लपवलंस, आता त्या पेटीकडंच बघून राहिलास!"

मी चिडलो. हलू नको म्हणालो आणि फोटो घ्यायला क्यामेऱ्याचा रबरी फुगा दाबला.

पण खरंच, पेटीकडं बघून कोण हसेल? मी तरी हसेन का?

उद्या सगळं आधीच लावून ठेवतो. मग फुगा हातात धरून तिच्यासमोर उभा राहीन, तिच्याकडंच बघेन आणि पहिल्यांदा मीच हसेन.

आरशात करून पाहिलं. हेही थोबाड साक्षीला उभं केल्यासारखंच! असू दे. विषय बदलायचा नाही. सकाळपर्यंत हसायला शिकतो.