राजघाटच्या पुलाचा चढ

१५ मे १९९६, बुधवार
जिन्याखालची सायकल आज बाहेर काढली. जानेवारीपासून पोत्याखाली होती. जाड टायरची, सरळ हँडलची, गिअरवाली. दुकानदार हिला ‘पहाड़वाली’ म्हणाला होता, आणि हे हसले होते, काशीत पहाड कुठला म्हणून. तिला मोटर बसवली ती माझ्यासाठी. मला शाळेत सोडायला स्कूटर घेऊन रोज मोकळा असेनच असं नाही, म्हणायचे. मोटर बसली, दोन बॅटऱ्या बसल्या, बॅटरीत किती बाकी ते दाखवणारा काट्याचा एक मीटर हँडलवर लागला. तारा जोडायच्या राहिल्या. १९ जानेवारीला हे गेले.

ह्यांची वहीही सापडली. रेल्वे कारखान्यात वीज विभागात ठेवत तशीच. लाल तार इथून इथे, काळी तिथून. चित्रांसकट.

१७ मे
पुण्याहून भाऊजींचं पत्र. शाळेचं हे वर्ष काढलंत तेवढं पुरे, आईला आणि तुम्हाला जूनअखेर न्यायला येतो. नोकरीचं काय ते आताच ठरवा, लिहिलंय.

ठरवायला काही फार नाही. पडावपर्यंत टेम्पो मिळतो. पुढे शाळेपर्यंत नहरीच्या, म्हणजे कालव्याच्या, कडेने कच्चा रस्ता, चार कि.मी., तिथे काही मिळत नाही. माझ्या डाव्या गुडघ्याने चार जाणं आणि चार येणं होत नाही. मार्चमध्ये अकरा रजा झाल्या. मोठ्या बहिनजींनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, लेखी विचारलं. जुलैपासून अशा रजा चालणार नाहीत, म्हणाल्या. त्यांचंही बरोबर आहे.

१८ मे
भाऊजींना उत्तर टाकलं. १ जुलैला शाळा उघडते. त्या दिवशी मी माझी मी गेले आणि परत आले तर राहणार. नाही जमलं तर राजीनामा देऊन पुण्याला.

सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या वाती वळत होत्या, वळत राहिल्या. काशीला राहायला आलेल्याने मरेपर्यंत वेस ओलांडू नये हे त्यांचं मत आहे. सासरे होते तेव्हा लग्नाकार्यालासुद्धा बाहेर गेल्या नाहीत.

२१ मे
तारा जोडल्या. वही पुढ्यात ठेवून अडीच तास लागले. बटण दाबलं, काही नाही.

बॅटऱ्या पिशवीत घालून लहुराबीरला यासीनभाईंकडे नेल्या. त्यांचं बॅटरीचं दुकान, ह्यांची जुनी ओळख. “ये तो गईं, बहिनजी. चार महीना बिना चार्ज के पड़ी रहीं.” स्कूटरच्या लहान बॅटऱ्या होत्या, नहरीपर्यंत पोचल्या असत्या की नाही शंकाच होती, म्हणाले. मोटारीच्या मोठ्या घ्या. पण वजन झेपलं पाहिजे.

२४ मे
बॅटऱ्यांच्या पैशांसाठी स्कूटर विकली. गिऱ्हाईक चांगलं होतं, ब्रेकबद्दल विचारलं, मी खरं ते सांगितलं. गल्लीच्या तोंडापर्यंत त्याच्याबरोबर गेले.

२७ मे
वहीत वजनाचा हिशेब मिळाला. सायकल, मोटर, बॅटऱ्या, आणि खाली: ‘वसु ५२ धरले.’ मी एकसष्ट किलो आहे. विचारलं असतं तर सांगितलं असतं. विचारलं नाही, आणि कॅरिअर बावन्नच्या हिशेबाने बारीक केलं.



३१ मे
विशेश्वरगंजच्या वेल्डरकडून नवं कॅरिअर करून घेतलं, कोनाच्या लोखंडाचं, दोन मोठ्या बॅटऱ्यांच्या मापाचं. मागच्या चाकाचे आरे जाड टाकले. ब्रेकचे रबर बदलले. वेल्डर विचारत होता, गॅसचा सिलिंडर नेणार का यावर. मी म्हटलं, मी स्वतः जाणार आहे. 

३ जून
यासीनभाईंनी नव्या बॅटऱ्या दिल्या, पाणी घालायची रीत पुन्हा दाखवली. उन्हाळ्यात पाणी लवकर उडतं. दर तीन दिवसांनी झाकणं उघडून बघायचं, आतल्या पत्र्यांच्या वर बोटभर राहिलं पाहिजे. फक्त बाटलीतलं डिस्टिल्ड वॉटर. बाटली मला दिली, तिच्यावर लाल कागद.

चार्जर ह्यांनी केलेलाच. दाराच्या खोलीत ठेवलाय. त्याच्या वासाने सासूबाईंनी नाकाला पदर लावला.

६ जून
आमच्या दारापासून गल्लीपर्यंत सात पायऱ्या. फळी टाकून सायकल उतरवते, बॅटऱ्या मागून एकेक. पहाटे पाचला, म्हणजे गल्लीत गाई आणि स्नानाला जाणाऱ्या बायकाच असतात. मच्छोदरीपर्यंत हातात धरून, पुढे बसून. इंदूरला कॉलेजात सायकल चालवली, त्याला बावीस वर्षं झाली. हँडल हलतं. मोटरचं बटण उजव्या अंगठ्याशी. दाबलं की मागून कोणी ढकलल्यासारखं होतं.



९ जून
राजघाटच्या पुलावर जाऊन आले. जाताना ठीक. पडावकडून परत येताना चढ लांब आहे, तिथे मोटर आणि पाय दोन्ही लागले. मागून ट्रकवाला हॉर्न देत होता. पुलाच्या मध्यावर थांबून दम घेतला. खालच्या मजल्यावरून रेल्वेगाडी गेली, लोखंड थरथरलं. घरी आल्यावर मीटर बघितला, बरीच बाकी होती.

१२ जून
शाळेपर्यंत गेले!! शाळा बंद, चौकीदार मिश्राजी होते. पाणी दिलं, सायकलभोवती दोनदा फिरले आणि म्हणाले, “ई त चुप्पे-चुप्पे चलत बा.” परत येताना चढ विनासायास. जाऊन-येऊन वीस कि.मी. जाड टायर नहरीच्या मातीत अजिबात रुतत नाहीत.

आता फक्त सराव. एक दिवसाआड.

१५ जून
घाटावर शेजारच्या काकूंनी सासूबाईंना विचारलं म्हणे, सून फटफटी उडवते ते खरं का, आणि तेही वर्षाच्या आत. सासूबाई म्हणाल्या, फटफट होत नाही तिची. एवढंच. मला काकूंकडूनच कळलं.

१८ जून
कालपासून अधिक महिना. सासूबाईंचा महिनाभर पहाटे पंचगंगा घाटावर गंगास्नानाचा नेम. येताना तांब्या भरून आणतात. मी झाकणं उघडून बघितली, पाणी अगदी वरपर्यंत होतं. ऊन थोडं कमी म्हणून उडत नसेल.

२१ जून
आज मोटर पडावच्या अलीकडेच मंदावली. चढ पायांनी चढले. गुडघा सुजला. चार्ज नीट झालं नसेल, रात्री बिजली नव्हती.

२३ जून
आठ तास सलग चार्ज करून निघाले. काल संध्याकाळी मीटर पूर्ण होता, आज सकाळी न चालवताच काटा उतरलेला. पुलापर्यंतसुद्धा नाही गेली. हातात धरून परत आले. वाटेत तीन जणांनी पेट्रोल संपलं का विचारलं.

तारा पुन्हा तपासल्या. वहीप्रमाणेच आहेत. चूक कुठे आहे ती सापडल्याशिवाय थांबायचं नाही.

२५ जून
रिक्षाने दोन्ही बॅटऱ्या यासीनभाईंकडे. त्यांनी झाकणं उघडली, काचेच्या नळीत पाणी ओढून उजेडात धरलं. गढूळ. मला म्हणाले, “इसमें कौन सा पानी डाला?” मी म्हटलं तुमचंच. त्यांनी नळी माझ्या हातात दिली. तळाशी बारीक वाळू होती.

घरी येऊन लाल कागदाची बाटली बघितली. आठवड्यापूर्वी होती तेवढीच भरलेली. मग स्वयंपाकघरात गेले आणि विचारलं.

सासूबाई म्हणाल्या, “मीच घालते. स्नानाहून आले की. पळीने, वरून, न शिवता. प्रत्येक भोकात एक पळी.”

दोन बॅटऱ्यांची बारा भोकं. रोज बारा पळ्या गंगा.

मी विचारलं, का. त्या म्हणाल्या, “तू विकतचं पाणी घालतेस, कुठल्या नळाचं कोण जाणे. हे बारा वर्षं ठेवलं तरी किडत नाही. गाडी चालली नाही तर मला पुण्याला नेतील. म्हटलं, आपल्या हातून होईल ते करावं.”

मला वाटत होतं त्यांना सायकल नकोच आहे.

त्यांना सांगितलं की त्याने बॅटरी बिघडते. त्यांनी पळी ताम्हनात ठेवली आणि किती बिघडली विचारलं. मी म्हटलं, बघते. दुपारी जेवल्या नाहीत. मीही आग्रह केला नाही, तेवढा राग होता.

२६ जून
यासीनभाईंना खरं ते सांगितलं. हसले नाहीत. त्यांच्या आईने एकदा रेडिओत मक्केहून आलेलं जमजमचं पवित्र पाणी शिंपडलं होतं म्हणे. दोन्ही बॅटऱ्या रिकाम्या करून, डिस्टिल्डने धुऊन, नवं ॲसिड भरणार. “आधी जान बचेगी. पूरी का भरोसा मत रखिए.” म्हणजे निम्मीच ताकद वाचणार. नव्या आणायच्या तर मालच पुढच्या आठवड्यात येतो.

२८ जून
बॅटऱ्या आल्या. गच्चीवर सायकल उलटी करून मोटर किती वेळ चालते ते घड्याळ लावून बघितलं. निम्मी ताकद, त्याहून थोडी जास्तच. म्हणजे वीस कि.मी. मोटरवर नाही. सपाटीला पाय, चढाला मोटर. कागदावर आखून काढलं.

दुपारी भाऊजी आले. दोन तारखेची तीन तिकिटं घेऊनच. सायकल बघून म्हणाले, दादाचं हे काहीतरी. मग मीटरची काच रुमालाने पुसली.

३० जून, रविवार
रात्रीच्या जेवणाला भाऊजींनी पुन्हा विषय काढला. रस्त्यात अडकलात तर कोण आहे, हा त्यांचा प्रश्न.  बॅटऱ्यांचं मी त्यांना फक्त ‘थोड्या कमी आहेत’ असं सांगितलं, कारण सांगितलं नाही. सासूबाईंनीच सांगितलं. सगळं, पळीसकट.  त्या म्हणाल्या, “माझ्यामुळे हिच्या गाडीची ताकद अर्धी झाली आहे. उद्या नाही पोचली तर ते हिचं न जमणं धरू नकोस.”

मी म्हटलं, नाही आई, ठरलंय ते ठरलंय. धरायचं.

का म्हटलं माहीत नाही. पण आता म्हटलंय.

१ जुलै, सोमवार. शाळेत
पावणेपाचला उठले. भाऊजींनी एक बॅटरी उतरवली, मी एक. सासूबाईंनी फळी धरली. भाऊजी म्हणाले, “वहिनी, बाराला सुटता ना? दोनपर्यंत वाट बघेन.” मी म्हटलं, तीन धरा.

मच्छोदरी ते पूल पायांनी. पुलावर वारा समोरून, तिथे बटण दाबावं लागलं, ठरवलं होतं त्यापेक्षा जास्त वेळ. उतारावर बंद. नहरीला दोन ठिकाणी पाणी साचलेलं, कडेने काढली. सव्वासातला फाटकात. मिश्राजींनी फाटक आधीच उघडून ठेवलं होतं. मोठ्या बहिनजी व्हरांड्यात होत्या. घड्याळ बघितलं, हजेरीपट पुढे केला. सही केली.

आता मधली सुट्टी. मीटर बघून आले. काटा चोवीस व्होल्टच्या खाली. तेवीसला मोटर थांबवा, नाहीतर बॅटरी कायमची जाईल, असं यासीनभाई म्हणाले आहेत. पडावकडचा चढ अजून व्हायचाय. शाळेला बिजली नाही, इथे चार्ज होणार नाही.

नहरीवर बटणाला हात लावायचा नाही. असेल तेवढी चढासाठी. सातवीच्या मुलींकडून कापडाची रुंद पट्टी मागून गुडघ्याला बांधली. दोन तास शिकवायचे आहेत, मग निघायचं.