सतरा-डीचा भूतकाळ

१ मार्च, राखेचा बुधवार
कपाळावर राख लावून आलो. आता इस्टरपर्यंत चाळीस दिवस उपवासाचे, काहीतरी आवडतं सोडायचं. माझा मित्र मर्लने बिअर सोडली, बायकोने, डोरीनने, चॉकलेट. मी जरा वरच्या पातळीवर जायचं ठरवलं: दुसऱ्याबद्दल वाईट बोलणं बंद. डोरीन इतकी हसली की तिच्या कपाळावरची राख नाकावर आली. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, आणि हा विश्वास.

३ मार्च
उपवासात शुक्रवारी मांस चालत नाही, म्हणून चर्चमध्ये माशांचं जेवण; यंदाही तळणीवर मीच. एकविसावं वर्ष. अख्ख्या गावाला ताट घेऊन माझ्यासमोरून जावं लागतं. लोकांना बरं वाटतं.

१९ मार्च
शिकागोहून परत. विमानात तमाशा. विमान भरलेलं आणि कंपनीला स्वतःचे चार कर्मचारी बसवायचे होते. रात्रीचं हॉटेल देतो, कोण उतरतं, म्हणून विचारलं. तिघं उतरले. चौथा म्हणून, कशावरून कोण जाणे, माझ्या शेजारचा, सतरा-डी सीटवरचा माणूस ठरवला. आपल्याच गावचा फार्मसीवाला, खोआ लुओंग. चर्चमध्ये मागच्या बाकावर बसतो तो. सकाळी दुकान उघडायचंय, लोक इन्सुलिनला येतील, म्हणाला. पोलिसांनी ओढत नेला. नाक फुटलं.
मी काय करणार? सीटबेल्टचा दिवा पेटलेला होता.

२१ मार्च
कुणीतरी काढलेला व्हिडिओ सगळीकडे. मीही आहे त्यात, प्रेट्झेल खाताना. तीन घास घेतले, मर्लने मोजले. 'शेजारचा जाड्या कोण?' असं लोक विचारताहेत. कॅमेरा खालून धरला होता.

२२ मार्च, संध्याकाळ
टीव्हीवर बातमी: बारा वर्षांपूर्वी लुओंगचा परवाना आठ महिने निलंबित होता. गोळ्यांच्या नोंदीत घोळ.
वाटलंच होतं. लोकांना दोन्ही बाजू कळायला हव्यात. हे वाईट बोलणं नव्हे, माहिती आहे. मर्लला माहिती दिली. आणखी सहा जणांना दिली.

२३ मार्च
काउंटी कोर्टाची वेबसाइट कुणालाही उघडता येते. लुओंगच्या नावावर आणखी एक भरधाव गाडीची नोंद. पुन्हा तेच, नियम न पाळणं.
सहज माझं नाव टाकलं. दारू पिऊन गाडी चालवणे, २००४. वेबसाइट अगदीच टाकाऊ आहे. त्या दिवशी मेव्हण्याचं लग्न होतं, हे कुठे लिहिलंय?

२४ मार्च
माशांच्या रांगेत माझ्या शाळेतल्या जुन्या बाई, मिसेस डिपेनब्रॉक. म्हणाल्या, व्हर्न, बारा वर्षांपूर्वीच्या गोळ्यांचा आणि परवाच्या नाकाचा काय संबंध? मी म्हणालो, माणसाची पार्श्वभूमी बघावी लागते. त्या म्हणाल्या, मग तुझ्या हातचा मासा मी कसा खाऊ? आणि नुसतं कोबीचं सॅलड घेऊन गेल्या.
तेल तापलेलं असताना जागा सोडता येत नाही. चार तास.

३१ मार्च
तळण सोडून पार्किंग सांभाळायला मागितलं. समिती म्हणाली, एकवीस वर्षांचा हात आहे, व्हर्न, दुसऱ्याला कसा देणार? आज रांग जास्तच लांब होती. मासा घेताना सगळे माझ्याकडे बघतात, माशाकडे कुणी बघत नाही.

५ एप्रिल
लुओंगच्या वकिलाचं पत्र. कंपनीचं म्हणणं असं, की उतरायला तयार म्हणून सतराव्या ओळीतून हात वर झाला, तो लुओंगचाच, मग त्याने शब्द फिरवला. आणि असल्या भूतकाळाच्या माणसाच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार? वकील विचारतो, आपण शेजारी होतात, हात कुणाचा होता?
पाठ आखडली होती. माणूस आळस देतो. बरं, केला असेल मी हात वर. मग कळलं, हॉटेल विमानतळापासून लांब आहे. विचार बदलणं हा काही गुन्हा नाही.
डोरीनने पत्र वाचलं. फ्रिजवर चुंबकाखाली लावलं, माझ्या डोळ्यांच्या उंचीवर.

१४ एप्रिल, गुड फ्रायडे
शेवटचं तळण. रांगेत लुओंग. नाकावर पट्टी. मी न मागता तीन तुकडे वाढले. त्याने एक परत ठेवला.
"वकील विचारत होते, शेजारच्याचाही भूतकाळ काढायचा का," तो म्हणाला. "मी नको म्हटलं. तुम्ही हात वर केलात ना, व्हर्न, तेव्हा मला वाटलं, चला, भला माणूस आहे, आता मी घरी पोचतो."
मी तेलातले तुकडे उलटले.
"खाली घेतलात, तेही पाहिलं. ते मात्र तुम्हीच सांगायला हवं. माझं कोण ऐकणार?"
मागे रांग थांबली होती. डोरीन लिंबं कापायची थांबली होती. मी तोंड उघडलं आणि सांगितलं, टार्टर सॉस पलीकडच्या टेबलावर आहे.

१६ एप्रिल, इस्टर
डोरीनचे चाळीस दिवस पूर्ण. तिने इस्टरचा चॉकलेटचा ससा फोडला आणि एक कान माझ्यापुढे धरला. तो घ्यायला फ्रिजपाशी जावं लागलं. पत्र तिथेच आहे.
पुढच्या वर्षी चॉकलेट सोडणार. तेवढं जमेल.