शितावरून भात

७ जानेवारी १९८९

डॉक्टरांनी घोडे फार दमवलेत! ऐतिहासिक कादंबरी म्हणे. पहिल्या पानापासून टापा, धूळ, पुन्हा टापा. नायक घोड्यावरून उतरतो तो फक्त प्रेम करायला, आणि तेही दोन ओळींत, कारण घोडा खिंकाळतो. आपल्या स्टेशनरोडचे होमिओपॅथीवाले हे. गोळ्या देतात मोहरीएवढ्या आणि कादंबरी ही एवढी जाड!

वाचनालयात चिंतामणीकाकांनी ‘स्थानिक लेखक’ अशी एक फळी केली आहे. अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर — ज्यांनी ज्यांनी पदरमोड करून स्वतःच छापल्या, त्या सगळ्यांच्या कादंबऱ्या तिथे. कुणी हात लावत नाही. नेतो आम्ही दोघीच, मी आणि वरच्या मजल्यावरच्या मालिनीताई. कंपनीचा भोंगा झाला, आमचे दोघींचे नवरे कामावर गेले, की त्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दोरीला पिशवी बांधून खाली सोडतात. मी माझ्या खिडकीतून पुस्तक काढून घेते. दुपारी माझ्याकडे पंचायत बसते. मालिनीताई पन्नाशीच्या, पण हसायला लागल्या की तोंडात पदर कोंबतात. त्यांच्याकडे बसलो तर मात्र इतक्या मोकळ्या नसतात. त्यांचे यजमान विष्णुपंत फार शांत माणूस, घरात आवाज म्हणून नाही. आमच्याकडे रोज भांड्याला भांडं! हेवा वाटतो.

माझी पद्धत ठरलेली — सुरुवातीची तीसेक पानं, शेवटची दहा. शितावरून भाताची परीक्षा. सगळं पातेलं कशाला उपसत बसायचं? मग मागच्या कोऱ्या पानावर शेरा. आमच्या वाचनालयात सगळेच लिहितात. ‘फालतू.’ ‘रडू आले.’ ‘नायिका हुबेहूब माझी वहिनी.’ नाव कुणी घालत नाही. डॉक्टरांना लिहिलं — ‘घोड्यांना पेन्शन द्या.’

१२ जानेवारी

आज पिशवीतून नवीन आली. ‘अबोलीचं अंगण.’ लेखिका ‘वनश्री’ — आडनाव नाही, पत्ता नाही. छपाई उल्हासनगरच्या कॅम्प चारची. मालिनीताई वरून म्हणाल्या, “बघ गं कशी वाटते. बदलापूरकडची कुणी बाई आहे म्हणे.”

अगं आई गं! नायिका तिसऱ्या पानावर रडते, पाचव्यावर रडते, नवव्यावर अबोलीला पाणी घालताना रडते. मग झारी कशाला हवी? दुःख काय, तर नवरा बोलत नाही. बाई, न बोलणारा नवरा मिळायला पुण्य लागतं! मधलं सोडलं. शेवटी काय, तर ती खिडकी उघडते. संपलं! पावणेदोनशे पानं झाली आणि बाईंनी खिडकी उघडली!

मागे लिहिलं, चांगलं बॉलपेननं — ‘शितावरून भात कळला. कच्चा आहे. खिडकी पहिल्याच पानावर उघडली असती तर आमचा वेळ वाचला असता.’

झकास जमलंय.

१४ जानेवारी

संक्रांत. मालिनीताई तिळगूळ द्यायला आल्या. “वाचलीस?” म्हटलं, थांबा, आपल्या हळदीकुंकवाला सगळ्यांसमोर करून दाखवते. पोट धरधरून हसाल. म्हणाल्या, “बरं.”

२० जानेवारी

हळदीकुंकू काय झालं! अजून कानात हसणं आहे.

अत्तर-गुलाबपाणी झाल्यावर इंदुबाई म्हणाल्या, “उमा, आज कुणाचा नंबर?” मी गुलाबदाणी उचलली आणि नववं पान सुरू — ‘तिच्या अश्रूंनी अबोली न्हाऊन निघाली’ — आणि सगळ्यांच्या डोक्यावर गुलाबपाणी! मोरिवलीच्या बनूबाई दर वर्षी येतात, त्या तर भिंतीला टेकल्या. “गो बाय, पुरे कर गो, पोटात दुकतंय!” मग शेवट. पदर डोक्यावर घेऊन, हुंदका देत देत, गेले खिडकीशी. कडी काढली. दार उघडलं. मागे वळून म्हटलं, “समाप्त!” चहाचे कप सांडले लोकांचे.

सगळ्यांत जास्त मालिनीताई हसल्या. तोंडात पदर, डोळ्यांतून घळाघळा पाणी. लवकर उठल्या, आमटी टाकायची आहे म्हणून. वाणाची चहागाळणी इथेच विसरल्या.

२१ जानेवारी

घसा बसलाय. पुस्तक वाचनालयात परत केलं, बायका मागचा शेरा वाचायला टपल्याच होत्या. नाटकात जायला हवं होतं मी!

२७ जानेवारी

कसं लिहू.

वाचनालयाच्या वार्षिक अहवालाची प्रुफं बघायला कॅम्प चारला गेले होते. कमिटीवर घेतलंय ना मला. प्रेसवाले टेकचंद शेठ, बोलायला गोड. चहा मागवला आणि म्हणाले, “मॅडम, वो आपकी सहेली, मालिनी मॅडम, उनकी किताब कशी चालते? मी बोललो होतो कव्हर दोन रंगात करा, नाही ऐकलं.”

“कुठली किताब?”

“अबोली. किती मेहनत केली! खुद इथे बसून प्रूफ बघायची. बोलायची, घरी पाठवू नका शेठ, घरात माहीत नाही.”

मी प्रुफात डोकं घातलं. एक अक्षर दिसत नव्हतं. शेठ म्हणाले, “पंखा लावू काय?”

मालिनीताईंचं माहेर चामटोलीचं. बदलापूरच्या पुढे. बदलापूरकडची कुणी बाई! आणि मला सुचलं नाही. बारा घरच्या भानगडी ओळखणारी मी!

२८ जानेवारी

गुलाबदाणी आठवते. ती आता बघवत नाही, वरच्या फळीवर मागे सारून ठेवली.

त्यांनी पुस्तक मुद्दाम माझ्याकडे सोडलं होतं. कुणीतरी वाचावं म्हणून. कुणीतरी म्हणजे मीच — आणखी कोण वाचतं ती फळी? घरात न सांगता, बसचे धक्के खात बाईनं पुस्तक छापलं, आणि पहिलं माझ्या हातात दिलं. मी काय केलं? तमाशा. पंधरा बायका बोलावून.

आणि त्या हसत होत्या! दुसरं करणार काय होत्या? रडत्या तर कळलं असतं. डोळ्यांतलं ते पाणी — छे. नको.

३० जानेवारी

शेवटी नवऱ्याला सांगितलं, गुरुदत्तला. “तुझी जीभ म्हणजे दाढीचं पातं आहे. वर जा, माफी माग, मोकळी हो.” सोपं आहे सांगायला! त्यांनी मला सांगितलेलंच नाही की ती त्यांची. माफी मागायची म्हणजे आधी म्हणायचं, तुमचं गुपित मला कळलं. आणि विष्णुपंत घरात असले तर?

“मग कादंबरी चांगली आहे असं सांग,” तो म्हणाला.

कशी सांगू? मी ती वाचलेलीच नाही. हे वाक्य लिहिताना कान गरम झाले. तीस आणि दहा, चाळीस पानं. मधला सगळा भात मी झाकणही न काढता कच्चा ठरवला.

१ फेब्रुवारी

वाचनालय उघडायच्या आत दारात. ठरवलं होतं, शेरा गिरवून काळा करायचा आणि पुस्तक घरी आणून पहिल्या ओळीपासून वाचायचं. सगळं.

फळीवर नाही. चिंतामणीकाका म्हणाले, “मालिनीबाईंनी नेलं होतं, हरवलं म्हणे. किंमत भरून गेल्या. चला, कुणीतरी नेलं तरी!” मग हसत हसत, “शेरे झकास पडले होते हो मागे. कच्च्या भाताखाली तिघांनी लिहिलं होतं — सहमत.”

म्हणजे मालिनीताईंनी वाचलं. माझं अक्षर त्या ओळखतात. वाण्याच्या यादीपासून ओळखतात.

५ फेब्रुवारी

जिन्यात भेटल्या. मी लालेलाल. त्या अगदी नेहमीसारख्या! “अगं, कढीपत्ता आलाय माहेरून, घेऊन जा.” ओंजळभर दिला. आमच्या चिमीचा खोकला कसा आहे, विचारलं. तिळगूळ घेऊन गोड बोलायचं ते पाळतायत की काय? दोन शिव्या घातल्या असत्या तर जेवण गेलं असतं मला.

चहागाळणी द्यायला वर गेले नाही. धीर नाही.

पिशवी खाली येत नाही. हळदीकुंकवापासून नाही.

९ फेब्रुवारी

आज भोंगा झाल्यावर खिडकीत उभी राहिले. काही नाही. दूध उतू गेलं. नेहमीसारखं हसू आलं आणि अर्ध्यात थांबलं.

१५ फेब्रुवारी

अहवाल छापून तयार. टेकचंद शेठना म्हटलं, अबोलीची एक प्रत द्या, विकत. मनाशी ठरवून गेले होते.

“साईं, आता कुठून? मॅडम आली होती पिछले हफ्ते. बांधलेल्या कॉप्या घेऊन गेली. जे छापलेले सुटे फॉर्म बाइंडिंगला ठेवले होते ना, बोली, रद्दीत घाला. मी बोललो, बहेन, ठेवतो की, जागा आहे, बादमें बांधू. नको बोली. सगळे गेले.”

मी विचारलं, काही कारण सांगितलं?

“बोली, वाचणारं कुणी नाही.”

अहवालाची पुडकी उचलून बाहेर आले. शेठ मागून ओरडत होते, मॅडम, बिल!

१६ फेब्रुवारी

पुडक्यांना वेष्टण होतं. प्रेसवाले बांधायला जुने छापील कागद वापरतात, तसा मोठा ताव. सोडताना लक्ष गेलं. वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात — ‘अबोलीचं अंगण’.

एक अख्खा फॉर्म! एका तावावर दोन्ही बाजूंनी सोळा पानं — काही सुलटी, काही उलटी. घडी घालून भाजीच्या सुरीनं कापली तेव्हा क्रम लागला. ९७ ते ११२. मी सोडलेल्यातली.

जमिनीवर बसूनच वाचली. इथे कुणी रडत नाही. अश्रू नाहीत, न्हाऊन निघणं नाही. सुरुवातीला बाईंना भीती वाटली असेल, म्हणून तो सगळा साज चढवला असेल. इथे साधं आहे. उतरवून ठेवते, कारण हा कागद पुन्हा कुठे मिळायचा नाही —

‘बारा वर्षं झाली. कामाखेरीज हे माझ्याशी एक वाक्य बोललेले नाहीत. हात उचलला नाही, शिवी दिली नाही. लोक म्हणतात, भाग्यवान. सक्ती एकच, स्वयंपाकघराची खिडकी बंद ठेवायची. खालून आवाज येतो म्हणून. भोंगा झाला, ह्यांची पावलं जिना उतरली, की मी कडी काढते. खाली एक बाई राहते. ती हसते. दूध उतू गेलं तरी हसते. तिचं हसणं वर आलं की वाटतं, आज दोन घास जेवावं. ह्यांच्यासमोर एकदा तरी खिडकी उघडायची आहे मला. आणि तिला सांगायचं आहे, की’

एवढंच. ११२ वं पान संपलं. पुढचं ११३ वर. ते रद्दीत.

शेवटी ती खिडकी उघडते. नवऱ्यासमोर. पावणेदोनशे पानं लागली तिला. लागणारच ना गं! आणि मी ती कडी काढून दाखवली — समाप्त!

विष्णुपंतांचा हेवा वाटायचा मला. शी! किती मूर्ख बाई मी.

२२ फेब्रुवारी

कॅम्प चारच्या रद्दीवाल्यांकडे जाऊन आले. तिघांकडे. एकजण म्हणाला, “वो तो कब का गया, गोदाम से ट्रक में.” दुसऱ्यानं विचारलं, काय होतं त्यात, शेअरचे कागद? म्हटलं, हो, तसंच काहीतरी.

‘तिला सांगायचं आहे, की’ — काय? भाजी चिरताना, केस विंचरताना, सारखं तेच. माझं होतं ते वाक्य. माझ्यासाठी लिहिलेलं, छापलेलं, माझ्या खिडकीत दोरीनं सोडलेलं.

आता विचारायचंच. कानफटात मारली तर मारू दे.

३ मार्च

भोंगा झाल्यावर वर गेले, चहागाळणी घेऊन. खिडकी उघडी होती. पाया पडले, रडले, म्हटलं, मालिनीताई, तुमच्या कादंबरीतलं ते वाक्य अर्धंच मिळालं मला. पुढचं काय होतं?

“कुठली कादंबरी गं?” म्हणाल्या. गाळणी घेतली, धुऊन अडकवली. मग खिडकी लावून कडी घातली. म्हणाल्या, “खालून धूळ फार येते हल्ली.”